कातरण्याआधीचे छायाचित्र

जुनी व्यक्तिछायाचित्रे पुन्हा हाती येतात ती दोन ठिकाणी, आणि या दोन ठिकाणी मिळणारी वस्तू एकच नसते. पहिले ठिकाण घर : लोखंडी ट्रंक, कपाटाचा वरचा खण, काळ्या जाड पानांचा आणि दर दोन पानांमध्ये पातळ कागद घातलेला अल्बम, किंवा भिंतीवर उंच, पुढे झुकवून टांगलेली तसबीर. इथे मिळतो तो कागदावर छापलेला फोटो, म्हणजे व्यवसायात ज्याला प्रिंट म्हणतात तो. दुसरे ठिकाण फोटो स्टुडिओ; एखादा जुना स्टुडिओ बंद होतो, जागा विकली जाते किंवा पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात शिरते, तेव्हा माळ्यावरच्या खोक्यांतून निगेटिव्ह बाहेर येतात. कॅमेऱ्यातला प्रकाश ज्या काचेवर किंवा फिल्मवर प्रत्यक्ष पडला, जिच्यावर उजेड काळा आणि सावली पारदर्शक उमटली, आणि जिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, ती ही मूळ वस्तू होय. घरातला फोटो हा गिऱ्हाइकाच्या हवाली केलेला तयार माल होता. निगेटिव्ह कोणाला दाखवण्यासाठी नव्हतीच. निगेटिव्हपासून प्रिंटपर्यंत जाताना छायाचित्रातून काय काढले गेले, काय घातले गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

जुन्या फोटोंविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात स्मरणरंजनाचा भाग मोठा असतो. आजोबांचा फेटा, आजीची नथ, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात, यांवर लेखक रेंगाळतो आणि फोटो हे जणू त्या काळाकडे उघडणारे दार आहे असे गृहीत धरतो. या दृष्टीत वावगे काही नाही, परंतु ती फोटोला प्रश्न विचारत नाही. स्टुडिओतले व्यक्तिछायाचित्र हे ठरवून, पैसे मोजून, विशिष्ट कामासाठी करवून घेतलेले काम होते, आणि कोणत्याही कामाप्रमाणे त्याला साधनांच्या मर्यादा होत्या, कारागिराच्या सवयी होत्या आणि गिऱ्हाइकाच्या अटी होत्या. या तीन गोष्टी समजल्याखेरीज चेहऱ्यावरच्या भावाविषयी काही बोलणे घाईचे ठरते.

छायाचित्रणाच्या इतिहासाची येथे ओझरती उजळणी पुरेशी आहे. १८३९ साली दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली. तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच चित्र मिळे, त्याची प्रत काढता येत नसे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी मांडलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीने काचेची निगेटिव्ह आली, पण काचेवर रसायन ओतून ते सुकण्याच्या आत फोटो काढणे आणि धुणे भाग होते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती याच काळात. जिलेटिनचा लेप दिलेली कोरडी काच १८७१ नंतर हळूहळू प्रचारात आली आणि तिच्यामुळेच फोटोग्राफरचा धंदा छोट्या शहरांपर्यंत पोहोचू शकला, कारण आता तयार काचांचा डबा विकत आणता येऊ लागला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ उघडला तेव्हा ही कोरडी काच सर्वत्र रुळलेली होती. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा पुढे १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या, आणि एका भारतीय स्टुडिओचे काम मूळ निगेटिव्हवरून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. पडद्यापुढे माणूस बसवणे आणि पडद्यावर माणूस हलवणे यांत त्या पिढीला फार मोठी दरी वाटत नसावी.

स्टुडिओतला कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, भात्यासारखा मागेपुढे होणारा चामड्याचा किंवा कापडाचा मधला भाग, पुढे पितळी नळीतले भिंग आणि मागे धूसर काच. या काचेवर समोरचे दृश्य उलटे, डोके खाली पाय वर असे पडे, आणि ते दिसावे म्हणून फोटोग्राफर डोक्यावरून काळे कापड ओढून घेई. काचेची निगेटिव्ह ठरावीक मापांत मिळे : फुल प्लेट साडेआठ बाय साडेसहा इंच, हाफ प्लेट साडेसहा बाय पावणेपाच, क्वार्टर प्लेट सव्वाचार बाय सव्वातीन. तिच्यावरून बहुतेक वेळा संपर्कप्रत काढली जाई, म्हणजे निगेटिव्ह आणि संवेदनशील कागद एकमेकांना चिकटवून उजेडात धरले जात आणि प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराचे निघे. म्हणून जुन्या छोट्या फोटोंत आजही भिंग लावून पाहिले तर पातळाच्या काठाची वीण मोजता येते, तर त्याच काळातल्या, मोठ्या करून टांगलेल्या तसबिरीत चेहरा धूसर आणि बाकीचा भाग रंगवलेला आढळतो.

वाचकाची सर्वाधिक फसगत होते ती रंगांच्या बाबतीत. सुरुवातीच्या काचा प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यांच्यावर निळे आकाश कोरे पांढरे येई आणि पिवळे, हिरवे, तांबडे सारे काळवंडे. १८७३ साली हेरमान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून लेपाची संवेदना वाढवता येते हे दाखवले, आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जाणणारी, पण तांबड्याला आंधळी असलेली काच आली. सर्व रंग जाणणारी पॅन्क्रोमॅटिक काच १९०६ पासून विकत मिळू लागली, तरी स्टुडिओंतून ऑर्थोक्रोमॅटिक माल लगेच हद्दपार झाला नाही, कारण तो तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहत धुता येई, पॅन्क्रोमॅटिकला मात्र जवळजवळ पूर्ण काळोख लागे. मराठी कुटुंबाच्या फोटोवर याचा परिणाम मोठा झाला. कपाळावरचे ठसठशीत कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते, ओठ गडद येतात, गव्हाळ वर्ण आहे त्याहून सावळा उमटतो, तांबडे लुगडे आणि काळी चंद्रकळा यांत भेद राहत नाही, आणि निळसर वस्त्र पांढरे भासते. अशा फोटोतल्या स्त्रीने काळे नेसले आहे किंवा पुरुषाने पांढरा अंगरखा घातला आहे असे लिहिणाऱ्याने आधी काच कोणत्या जातीची होती हे विचारले पाहिजे. आनंदीबाई जोशी यांचे फिलाडेल्फियातील १० ऑक्टोबर १८८५ चे, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासोबतचे प्रसिद्ध छायाचित्र आज रंगवलेल्या रूपातही फिरते. त्या रंगवणाऱ्यांना मूळ वस्त्राचा रंग करड्या छटेवरून कळला असेल हे संभवत नाही.

याहून अधिक बोलकी गोष्ट म्हणजे रिटचिंग. निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करण्याच्या या कलेचा आरंभ म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांच्यापासून सांगितला जातो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचे दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवल्याने मोठी खळबळ उडाली होती. कृती अशी : निगेटिव्ह तिरक्या चौकटीत बसवायची, खालून आरशाने उजेड परावर्तित करायचा, लेपाच्या बाजूला पेन्सिल धरावी म्हणून पातळ वार्निश फिरवायचे आणि मग सुईसारखे टोक केलेल्या शिशाने सुरकुतीच्या रेषेवर बारीक बारीक ठिपके देत जायचे. निगेटिव्हमध्ये सुरकुती ही पारदर्शक रेघ असते. तिच्यावर शिसे चढले की तिथून कमी प्रकाश जातो आणि प्रिंटमध्ये ती रेघ उजळून नाहीशी होते. उलट एखादी जागा गडद करायची असेल, उदाहरणार्थ कमरेचा घेर कमी दाखवायचा असेल किंवा विरळ मिशी भरायची असेल, तर चाकूच्या पात्याने लेप खरवडावा लागे, आणि हे काम चुकले तर परत फिरता येत नसे. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी हवी असल्यास चेहऱ्याभोवती तांबडा अपारदर्शक रंग लावला जाई.

निगेटिव्ह उजेडासमोर सरळ धरली तर यातले फारसे काही जाणवत नाही. ती किंचित तिरकी करून लेपावरून उजेड सरकू दिला की गालांवर, डोळ्यांखाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना शिशाची चमकणारी जाळी दिसू लागते, आणि त्या जाळीखाली देवीचे व्रण, जागरणाने आलेली काळी वर्तुळे, पन्नाशीची मान असा मूळ चेहरा असतो. फोटोग्राफरने काय पुसले याची नोंद त्याच्याच हाताने, त्याच जागी केलेली असते. देवीचे व्रण पुसणे ही सामान्य मागणी होती. लग्नासाठी पाठवायच्या फोटोत तर ती न सांगताच पुरी केली जाई. तरीही एकाच स्टुडिओच्या निगेटिव्ह पाहताना शिशाचे काम सर्वांवर सारखे आढळत नाही : तरुण मुलींवर दाट, कर्त्या पुरुषांवर बेताचे, म्हाताऱ्यांवर जवळजवळ नाहीच. सुरकुत्यांना वडीलकीची किंमत कोणत्या वयापासून मिळत होती, हे समाजशास्त्राच्या ग्रंथापेक्षा या शिशाच्या ठिपक्यांवरून अधिक नेमके कळू शकते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

चौकटीच्या कडा हा तिसरा पुरावा. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या प्रिंटमध्ये रंगवलेला पडदा, त्यावरचे खांब, जिना, तळे किंवा महिरप, पुढे तिपाई आणि फुलदाणी एवढेच असते. निगेटिव्हमध्ये पडदा संपतो, त्याच्या मागची पोपडे आलेली भिंत दिसते, सतरंजीच्या बाहेर काढून ठेवलेल्या वहाणा दिसतात, पडदा ताणून धरणारा किंवा मुलाला टाळी वाजवून दाखवणारा हात दिसतो. पुढे रोलफिल्मच्या काळात तर ही कातर अपरिहार्यच झाली. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ पासून बाजारात होती, आणि १९२९ साली जर्मनीच्या ब्राउनश्वाइग येथून रोलिफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा आल्यावर तिच्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या १२ चौरस निगेटिव्ह काढण्याची रीत रूढ झाली. फोटोचा कागद मात्र लांबट मापांचाच राहिला. चौरसातून लांबट प्रिंट काढायचे तर दोन बाजू टाकाव्या लागत, आणि उभ्या व्यक्तिछायाचित्रात त्या डावी आणि उजवी याच असत. दिव्याचे स्टँड, मदतनीस पोऱ्या, फोटोसाठी आलेल्या मुलीसोबतची आई, ही सगळी मंडळी त्या दोन पट्ट्यांत उभी असतात. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील सुरेश पंजाबी यांच्या स्टुडिओवर केलेले ‘आर्टिझन कॅमेरा’ हे २०१३ चे पुस्तक या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगे आहे.

रोलिफ्लेक्सने बसणाऱ्याची नजरही बदलली. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून वरून आत पाही, त्यामुळे भिंग डोळ्यांच्या पातळीहून खाली असे आणि बसलेल्या माणसाला समोर दिसे तो झुकलेला माथा, चेहरा नव्हे. काळ्या कापडातल्या माणसापुढे आलेला ताठपणा इथे कमी होतो, आणि रोलफिल्मवरच्या फोटोंत माणसे थोडी वरून, थोडी आत्मविश्वासाने पाहताना दिसतात, त्यामागे काळाच्या बदलाइतकाच भिंगाच्या उंचीचाही वाटा आहे. भारतात बनलेल्या अॅग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याने हीच १२० फिल्म घराघरांत नेली, आणि उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने ‘इंदू’ नावाने देशी फिल्म दिली. रोल धुवायला टाकणे हा वाक्प्रचार मध्यमवर्गीय मराठी घरांत या काळात रुळला. घरगुती फोटोंचा विचार मात्र या ग्रंथात केलेला नाही, कारण त्यांच्यात कारागीर आणि गिऱ्हाईक हे नाते नाही.

परदेशात स्टुडिओतील व्यक्तिछायाचित्रांच्या पुनःशोधाची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात हीबर स्प्रिंग्स या छोट्या गावी माइक डिसफार्मर यांनी शेतकऱ्यांचे फोटो काढले. ते १९५९ साली वारले, त्यांच्या काचा गावातल्याच एका गृहस्थाने किरकोळ किमतीत घेऊन ठेवल्या, आणि १९७६ साली त्यांतल्या निवडक फोटोंचे पुस्तक निघाल्यावर त्यांची गणना मोठ्या छायाचित्रकारांत होऊ लागली. मालीची राजधानी बामाको येथे सेदू केता यांनी १९४८ पासून स्टुडिओ चालवला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे फोटो अज्ञात छायाचित्रकाराचे म्हणून लागले, मग त्यांचा शोध घेतला गेला, आणि १९९४ साली पॅरिसमध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. या दोन्ही कथा सांगताना सांगणाऱ्याचा सूर विजयाचा असतो. पण केता यांनी गिऱ्हाइकांना दिल्या त्या १३ बाय १८ सेंटिमीटरच्या संपर्कप्रती होत्या, आणि संग्रहालयांत लागली ती माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारी, काळ्यापांढऱ्याचा भेद तीव्र केलेली नवी प्रिंट्स. ती देखणी आहेत यात वाद नाही. मात्र बामाकोच्या कोणत्याही घरात तसे चित्र कधी नव्हते. डिसफार्मर यांच्या बाबतीत संग्राहक पुढे त्या भागातल्या घरोघरी फिरले आणि खुद्द डिसफार्मर यांनी केलेली, पोस्टकार्डाएवढी जुनी प्रिंट्स विकत घेऊन २००५ साली न्यूयॉर्कमध्ये मांडली, ही दुरुस्ती उशिरा झाली तरी योग्य दिशेची होती.

केता यांच्याकडून अभ्यासकाला एक उपयुक्त गोष्ट मात्र घेता येते. ते मागच्या पडद्याचे कापड दर दोन-तीन वर्षांनी बदलत, आणि म्हातारपणी फोटोंच्या तारखा त्यांनी या कापडांवरून लावल्या. महाराष्ट्रातील स्टुडिओंचे रंगवलेले पडदे अधिक काळ टिकत, पण त्यांना पडणाऱ्या घड्या, डाग आणि ठिगळे यांचा क्रम लावता येतो. शिक्का नसलेले, वेगवेगळ्या घरांतले फोटो एकाच पडद्यावरून एकाच स्टुडिओचे ठरवता येतात. फिल्मच्या कडेवरचा मजकूरही बोलका असतो. तिथे ‘सेफ्टी’ असे छापलेले असल्यास ती ज्वालाग्राही नायट्रेटची नसून अॅसिटेटची आहे असे समजावे. नायट्रेटची फिल्म पिवळी पडत, चिकट होत शेवटी भुकटी होते आणि पेट घेऊ शकते, म्हणून ती वेगळी, थंड जागी ठेवणे आवश्यक असते; अॅसिटेटची आक्रसते आणि तिला व्हिनेगरचा उग्र वास येऊ लागतो. काच यांपैकी काहीच करत नाही, ती फक्त फुटते. कोकणातल्या दमट हवेत जिलेटिनला बुरशी धरते ती तिन्हींवर सारखीच. आणि निसर्गाने सोडले ते माणसाने नेले : निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती काढून घेणारे व्यापारी वजनावर जुन्या फिल्म विकत घेत, आणि लेप धुऊन काढलेली काच पुन्हा कोणत्याही कामाला येई.

निगेटिव्हचे आज संगणकीय रूपांतर करताना दोन पथ्ये पाळावीत असा या ग्रंथाचा आग्रह आहे. पहिले, निगेटिव्ह कडांसकट, पेन्सिलीच्या खुणांसकट, एकदा आरपार उजेडात आणि एकदा तिरक्या उजेडात टिपावी. सुरकुत्या आणि ओरखडे आपोआप पुसून चेहरा कल्पनेने भरणारी नवी साधने वापरली तर जुन्या रिटचिंगवर नवे रिटचिंग चढते, आणि शिशाचा ठिपका निदान दिसतो तरी, हे मात्र दिसतही नाही. दुसरे, डावे-उजवे तपासावे, कारण निगेटिव्ह कोणत्या बाजूने धरली यावर माणूस उलटा होऊ शकतो. सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर आणि घड्याळ डाव्या मनगटावर ही खूण सहसा उपयोगी पडते. नऊवारीचा किंवा पाचवारीचा पदर डाव्या खांद्यावर जातो, पण गुजराती धाटणीचा उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंत केवळ पदरावर विसंबून चालत नाही.

राहता राहिला हक्काचा प्रश्न. १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्याचे १७ वे कलम असे मानते की एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राच्या हक्काचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे निगेटिव्ह ही वस्तू स्टुडिओत राहिली तरी तिच्यावरचे चित्र छापण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा होता. हक्काची मुदत संपली तरी नैतिक प्रश्न उरतो तो उरतोच. स्थळ पाहण्यासाठी पाठवलेल्या मुलींचे फोटो हा या संग्रहांतला मोठा भाग असतो, आणि त्यांपैकी कित्येक फोटो नकार घेऊन परत आलेले असतात. रिटचिंगपूर्वीचा चेहरा दाखवणे म्हणजे त्या मुलीने किंवा तिच्या वडिलांनी पैसे देऊन जे झाकून घेतले ते उघड करणे होय. म्हणून या ग्रंथात लग्नासाठी काढलेल्या फोटोंची केवळ वर्णने दिली आहेत. कडा आणि शिशाचे काम दाखवणारी छायाचित्रे निवडली आहेत ती कुटुंबाने ओळख पटवून संमती दिलेल्यांपैकी, आणि जिथे कुटुंबाने प्रिंट छापायला होकार दिला पण निगेटिव्ह छापायला दिला नाही, तिथे फक्त प्रिंट छापले आहे.